लाल बॉलचं नाव करंबळावरून पडलं का? बिलियर्ड्सचे रंग, मुंबई बंदर आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "विषय ठीक आहे हो, पण यात संशोधन काय?" पेट झालेली, नेट-सेट झालेली मुलं इथेच अडखळतात. कारण आपल्याला 'विषय' निवडायला शिकवतात, 'प्रश्न' काढायला फारसं कोणी शिकवत नाही. म्हणून आज मुद्दाम एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू घेतो. बिलियर्ड्सचा बॉल. त्यातही फक्त त्याचा रंग.

'खेळाडूंना कोणत्या रंगाचे बॉल आवडतात?' हा सर्वेक्षणाचा प्रश्न झाला. पन्नास जणांना विचारा, तक्ता करा, संपलं. 'हे रंग मुळात इथे आले कसे, कोणी ठरवले आणि कोणासाठी?' हा इतिहासाचा प्रश्न. दोन्हींत फरक काय तो पुढे दिसेलच.

मी काल्हेरला राहतो. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी रोडवर आमचं गाव लागतं. एकेकाळी भातशेती आणि खाडी, आता दोन्ही बाजूंना गोडाऊन. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईला चिकटून, म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यात गोडाऊन उभी राहिली. जकात गेली, जीएसटी आला, गोडाऊन राहिली. ऑनलाइन मागवलेला माल बराचसा या पट्ट्यातून फिरतो. टीव्ही, चपला, प्रोटीन पावडर, कॅरम बोर्ड, आणि पूलच्या बॉलचे सेटसुद्धा.

माल हलतो तेव्हा कागदावर एक एचएसएन कोड असतो. बिलियर्ड्सचं सामान ९५०४ या शीर्षकात बसतं. पण त्याच ९५०४ मध्ये व्हिडिओ गेम येतात आणि कसिनोची टेबलंही. पुढचे दोन आकडे, म्हणजे ९५०४ २०, लिहिले असतील तरच कळतं की डब्यात बिलियर्ड्सचं काहीतरी आहे. बॉल की खडू, ते तरीही नाही. आणि रंग? तो तर कुठल्याच कोडात नाही. शंभर वर्षांनी कोणी या कागदांवरून आपल्या काळाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला हीच अडचण येणार. जुन्या काळाबद्दल आपल्याला तीच येते, फक्त तिथे कोडच्या जागी 'हस्तिदंत, न घडवलेला' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याकडे नंतर येतो.

आधी रंग. आपल्याकडे सरसकट 'स्नूकर' किंवा 'बिलियर्ड' म्हणतात, पण खेळ तीन वेगळे आहेत. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये फक्त तीन बॉल असतात. स्नूकरमध्ये बावीस : पंधरा लाल, एक पांढरा, आणि पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असे सहा रंगीत, दोनपासून सात गुणांपर्यंत. नाक्यावरच्या पार्लरमध्ये जो खेळतात तो पूल. त्यात आकडे लिहिलेले पंधरा बॉल, सात भरीव, सात पट्ट्यांचे, मध्ये काळा आठ. मापंही वेगळी आहेत. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा साधारण ५७ मिलिमीटरचा.

स्नूकरचे रंग पाहिले की प्रश्न पडायला हवा. सात गुण काळ्यालाच का? हिरव्याला तीन, निळ्याला पाच, हे कुठल्या हिशोबाने? सौंदर्यदृष्टी वगैरे शोधू नका. हे रंग दुसऱ्या खेळांतून उचललेले आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश क्लबांत 'पिरॅमिड्स' नावाचा खेळ होता, पंधरा लाल बॉल त्रिकोणात मांडून. दुसरा होता 'लाइफ पूल'. त्यात प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या रंगाचा बॉल मिळायचा आणि दुसऱ्याचा बॉल घालवला की त्याचा एक 'जीव' जायचा. म्हणजे इथे रंग हे गुण नव्हते, ती माणसाची ओळख होती. पिवळा म्हणजे अमुक साहेब, हिरवा म्हणजे तमुक. मग पूलमध्ये एक काळा बॉल जास्तीचा आला, तो 'ब्लॅक पूल' झाला. हे सगळं एकत्र करून स्नूकर तयार झाला, १८७५ मध्ये, जबलपूरला, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. सुरुवातीला निळा आणि तपकिरी नव्हते, ते नंतर आले. आज टेबलावर जे सहा रंग दिसतात ते अशा रीतीने वेगवेगळ्या खेळांचे अवशेष आहेत.

आता थांबा. '१८७५, जबलपूर' हे मी इतक्या सहज लिहिलं, पण हे आपल्याला कळलं कुठून? खेळाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो नेव्हिल चेंबरलेन (हा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा पंतप्रधान नव्हे, नावात गल्लत करू नका, हा लष्करी अधिकारी) याने स्वतः १९३८ मध्ये 'द फील्ड' या नियतकालिकाला पत्र लिहून हा दावा केला. म्हणजे घटनेनंतर त्रेसष्ट वर्षांनी. एकोणिसाव्या वर्षी केलेली गोष्ट माणूस ऐंशीच्या पुढे गेल्यावर सांगतो आहे. पुढच्या वर्षी कॉम्प्टन मॅकेंझी या लेखकाने त्याला दुजोरा देणारा लेख लिहिला आणि ती कथा पक्की झाली. माझं मत विचाराल तर दावा खोटा म्हणायला कारण नाही. उटीच्या क्लबात १८८० च्या दशकात हा खेळ रुळला होता, याच्याशी तो जुळतो. पण प्रबंधात लिहिताना 'स्नूकरचा शोध १८७५ मध्ये लागला' आणि 'चेंबरलेनच्या १९३८ च्या पत्रानुसार १८७५ मध्ये' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. परीक्षक पहिल्याला टोकतो, दुसऱ्याला मान डोलावतो.

तीन बॉलच्या बिलियर्ड्सची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. विल्सन जोन्स हे पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले. १९५८ मध्ये कलकत्त्याला ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेला पहिला जगज्जेता तो हाच. नंतर मुंबईचे मायकल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जिंकले. जोन्स खेळले तेव्हा टेबलावर एक लाल आणि दोन पांढरे बॉल असत. दोन खेळाडू, दोघांचाही बॉल पांढराच. फरक एवढाच की एकावर छोटे काळे ठिपके. त्याला 'स्पॉट' म्हणत, दुसऱ्याला 'प्लेन'. ठिपका खाली गेला तर लांबून पाहणाऱ्याला कोणाचा बॉल कुठला ते कळत नसे. खेळाडूला मात्र कळे, कारण त्याचं डोकं सतत त्या बॉलबरोबर फिरत असे.

आज त्या ठिपक्याच्या बॉलच्या जागी पिवळा आला आहे. फ्रेंच पद्धतीच्या कॅरम बिलियर्ड्समध्येही तसंच झालं. कारण खेळाडूची सोय कमी, बघणाऱ्याची जास्त. रंगीत टीव्ही आल्यावर बीबीसीने १९६९ मध्ये 'पॉट ब्लॅक' हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला. त्यामागे वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड ॲटनबरो होते, तेच ते प्राण्यांवरच्या माहितीपटांचे. रंगीत प्रक्षेपण दाखवायला कमी खर्चाचा कार्यक्रम हवा होता आणि स्नूकरचं टेबल म्हणजे आयता रंगपट. पूलमध्ये तर उलट दिशेने ओढाताण झाली. चार नंबरचा जांभळा कॅमेऱ्यात काळ्यासारखा दिसे, सातचा मरून लालसारखा. म्हणून प्रक्षेपणासाठी वेगळे सेट निघाले, त्यांत चार गुलाबी आणि सात फिकट तपकिरी. हे सेट आता दुकानात आणि ऑनलाइनही मिळतात, आणि 'प्रो' दिसतात म्हणून मुलांना आवडतात. जुने खेळाडू नाक मुरडतात, चार म्हणजे जांभळाच, असं त्यांचं म्हणणं. 'आवड' ही अशी घडते. आधी कॅमेऱ्याची गरज, मग बाजार, आणि शेवटी आपण तिला स्वतःची पसंती म्हणतो.

एक गोष्ट मात्र रंग ठरवताना कोणीच लक्षात घेतली नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारा जणांत एकाला लाल-हिरव्याचा फरक नीट दिसत नाही. स्नूकरमध्ये तपकिरी आणि लाल एकाच टेबलावर आहेत. पीटर एब्डन आणि मार्क विल्यम्स हे दोघेही जगज्जेते, दोघांनाही रंगांधत्व आहे, आणि तपकिरी कुठला हे पंचाला विचारायची वेळ त्यांच्यावर येते. लाल आणि तपकिरी शेजारी पडले की खेळ डोळ्यांचा राहत नाही, आठवणीचा होतो.

आता हस्तिदंत. या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण यात मुंबई आहे.

एकोणिसाव्या शतकात चांगला बॉल म्हणजे हस्तिदंती बॉल. एका दातातून जेमतेम चार-पाच उत्तम बॉल निघत. दाताच्या मधून जाणारी नस बरोबर बॉलच्या केंद्रातून गेली पाहिजे, नाहीतर बॉल एका बाजूला ओढतो. शिवाय हस्तिदंत हवेतला ओलावा घेतो, आकार बदलतो. कोकणातल्या पावसाळ्यात त्याचं काय होत असेल याची कल्पना करा. लाल बॉल म्हणजे पांढराच बॉल रंगवलेला. रंग वरच्या थरापुरता. झिजलेला बॉल पुन्हा कातून गोल केला की रंग गेला, परत रंगवा. रंगाचा खर्च, रंगाची दुरुस्ती हे सगळं तेव्हाच्या क्लबांच्या हिशोबात असायचं.

हा दात यायचा कुठून? मोठा वाटा पूर्व आफ्रिकेतून, झांझिबार आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून. आणि त्या व्यापाराचं एक मोठं ठाणं होतं मुंबई. झांझिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे दीर्घकाळ होता. तिथून दात मुंबईला येत. काही इथे राहत, गुजरात-राजस्थानात लग्नाच्या चुड्यांसाठी जात. बराच माल लंडनला पुढे पाठवला जाई आणि तिथून कंगवे, सुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या, बिलियर्ड्सचे बॉल होत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर आणि थेट जहाजं वाढल्यावर मुंबईचं हे मधलं स्थान हळूहळू कमी झालं.

दात आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत माणसांच्या खांद्यावरून येत. हस्तिदंताचे तांडे आणि गुलामांचा व्यापार यांचे रस्ते बरेचसे एकच होते. याचा एक धागा थेट नाशिकला येतो. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवून शिकवत. 'नासिक बॉइज' या नावाने ती ओळखली जात. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८६५ मध्ये त्यांतली काही मुलं आपल्या मोहिमेसाठी घेतली. शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट हा नंतर त्या मोहिमेत गेला, आणि १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. शरणपूर आज नाशिक शहरातला गजबजलेला रस्ता आहे. बिलियर्ड्सवर लिहिणारे नाशिकचं नाव घेत नाहीत आणि नाशिकवर लिहिणारे बिलियर्ड्सचं. माझ्या मते तुमच्यासारख्या नवीन संशोधकाला जागा सापडते ती अशा ठिकाणी.

पण घाई करू नका. 'बॉम्बे जिमखान्यातला लाल बॉल हा झांझिबारच्या गुलामाने वाहिलेल्या दातापासून झाला' हे वाक्य वाचायला जबरदस्त आहे, आणि प्रबंधात ते टिकणार नाही. लंडनच्या लिलावात माल एकत्र झाला की एका दाताचा माग संपतो. आपण व्यापाराची साखळी दाखवू शकतो, एका वस्तूचा प्रवास नाही. हा फरक पहिल्या प्रकरणातच स्पष्ट लिहून ठेवा, पुढचा बराच त्रास वाचतो.

दुसरी एक आवडती दंतकथा : 'प्लास्टिकने हत्ती वाचवले.' १८६३ मध्ये अमेरिकेत फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सच्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ऑल्बनीचा छपाई कामगार जॉन वेस्ली हायट कामाला लागला आणि त्यातून सेल्युलॉइड निघालं. इथवर ठीक. बक्षीस त्याला मिळालं याचा पुरावा मात्र नाही. आणि बॉल एकमेकांवर आपटले की बार उडायचा, कोलोरॅडोच्या दारूच्या गुत्त्यात आवाज झाला की सगळे पिस्तुलं काढायचे, ही प्रसिद्ध गोष्ट हायटने स्वतः १९१४ मध्ये एका पदक समारंभाच्या भाषणात सांगितलेली आहे. पुन्हा तेच : चाळीसेक वर्षांनी, टाळ्यांच्या समोर. चेंबरलेनचं पत्र आणि हायटचं भाषण शेजारी ठेवून वाचा, स्रोत-चिकित्सेचा एक आख्खा तास होतो.

हत्तींचं म्हणाल तर, हस्तिदंताला मागणी फक्त बॉलची नव्हती. पियानो आणि कंगवे होतेच. सेल्युलॉइड आल्यावरही व्यापार चालू राहिला, आणि चांगले खेळाडू विसाव्या शतकातही हस्तिदंतालाच चिकटून होते, कारण हाताला तीच उडी आणि तोच आवाज सवयीचा. मग मिश्र द्रव्यांचे बॉल क्लबांत रुळले, पुढे फेनॉलिक रेझिनचे आले. आज जगातले नावाजलेले सेट बेल्जियमच्या सालुक कंपनीचे, अरामिथ नावाचे. आता रंग वरचा थर राहिलेला नाही, तो पूर्ण बॉलमध्ये मुरलेला आहे. झिजला तरी लाल तो लालच. स्नूकरच्या नियमानुसार एका सेटमधल्या बॉलच्या वजनात तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. हस्तिदंताच्या काळात असं कोणी मागितलं असतं तर कारागीर हसला असता. (जाता जाता : संशोधनासाठी म्हणून जुना हस्तिदंती बॉल विकत घ्यायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. वन्यजीव कायदा आहे. संग्रहालयात बघा.)

आता शीर्षकातला प्रश्न. माझा स्वतःचा सगळ्यात आवडता.

फ्रेंच बिलियर्ड्समध्ये लाल बॉलला 'कॅरम्बोल' म्हणत. एका फटक्यात दोन्ही बॉलना लागलं की तो 'कॅरम्बोल'चा गुण. इंग्रजीत शब्द आखडून 'कॅरम' झाला, आणि इंग्लंडमध्ये तोच पुढे बिघडून 'कॅनन'. आपल्या घराघरात असलेला कॅरम बोर्डही याच शब्दाच्या कुटुंबातला मानतात. चाळीच्या गॅलरीत, गणपतीच्या मंडपामागे, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये आपण ज्या खेळाचं नाव घेतो, त्या नावात एक लाल बॉल दडलेला आहे. आपल्या कॅरममध्ये काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या मधोमध लाल राणी बसते, तिला 'कव्हर' लागतं. हा योगायोग आहे की आठवण, यावर कोणी बसून काम करायला हवं.

पण 'कॅरम्बोल' कुठून आला? अनेक शब्दकोश सांगतात : स्पॅनिश-पोर्तुगीज 'कारांबोला', म्हणजे ते पाच कडांचं आंबट फळ. आणि त्या फळाचं पोर्तुगीज नाव आलं मराठी 'करंबळ'वरून! कोकणात याला करमळ, करंबळ, कमरख काहीही म्हणतात. हे वाचून मराठी माणसाची छाती फुगणारच. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे, ठाणं १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात, आणि वसईहून कल्याणला जाणारी गलबतं काल्हेरच्या याच खाडीतून जायची. मग काय, फळ आमचं, शब्द आमचा, कॅरम आमचा!

इथेच हात आखडायचा. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. त्यात त्याने या फळाबद्दल लिहिताना हे नाव आपण मलबारातून घेतल्याचं म्हटलं आहे, कारण पोर्तुगीजांची या फळाशी ओळख आधी तिथे झाली. म्हणजे साक्ष शब्दकोशांपेक्षा तीनशे वर्षं जुनी आणि दिशा वेगळी. संस्कृत 'कर्मफल' हे दोघांचं समान मूळ सांगून काही जण वाद मिटवतात. आणखी एक अडचण आहेच : करंबळ पिकल्यावर पिवळं होतं, लाल नाही. मग लाल बॉलला त्याचं नाव का पडावं? फळाचा शब्द आणि बॉलचा शब्द हे नुसतेच सारखे दिसणारे दोन शब्द असण्याची शक्यता मी बरीच धरतो. तुम्ही यावर काम करणार असाल तर मोल्सवर्थ उघडून थांबू नका. पोर्तुगीज येत असेल तर ऑर्ता मूळातून वाचा, आणि अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळपुस्तिकांत हा शब्द पहिल्यांदा कधी येतो ते बघा. मराठी अभिमान त्या तारखेनंतर.

साधनं कुठे शोधायची? मुंबईच्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात बॉम्बे इलाख्याच्या व्यापाराची वार्षिक पत्रकं बघा, तिथे 'हस्तिदंत' हा रकाना बंदरवार मिळतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या जिमखान्यांची कार्यवृत्तं आणि खरेदीच्या नोंदी, परवानगी मिळाली तर. परवानगीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने, विषय एका ओळीत, आणि 'बिलियर्ड्स' हा शब्द पहिल्या ओळीत लिहा. सदस्य मंडळी खूश होतात.

आणि त्या नोंदी वाचताना मार्करकडे लक्ष ठेवा. मार्कर म्हणजे टेबलाजवळ उभा राहून गुण सांगणारा, बॉल मांडणारा, पुसणारा, आणि सदस्य एकटा आला तर त्याच्याशी खेळणारा क्लबचा नोकर. दिवसाला कितीतरी तास बॉल त्याच्या हातात. ठिपक्याचा बॉल कुठला हे न बघता सांगणारा तोच, पावसाळ्यात कुठला बॉल वेडावाकडा जातो हे पहिल्यांदा कळणारा तोच. 'खेळाडूंची पसंती' म्हणून जे कागदावर उतरतं ते सदस्यांचं. मार्करला कुठला सेट बरा वाटत होता हे सूचना-वहीत मिळणार नाही, कारण सूचना-वही सदस्यांची. तो सापडलाच तर पगारपत्रकात, बहुधा आडनावाशिवाय, एका नावाने आणि महिन्याच्या रकमेने. तिथून सुरुवात करा.